मुलीच्या नावाचं स्पेलिंग कसं ठरवावं: बारशापासून जन्मदाखल्यापर्यंत

बारसं झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटून झाल्या, की नाव ठेवण्याचं काम संपलं असं घरात सगळ्यांना वाटतं. पण ते नाव लिहायचं कसं, देवनागरीत आणि इंग्रजीत, हे अजून ठरायचं असतं. बहुतेक घरांत ते कुणी ठरवतच नाही. फॉर्म भरायला बाबा जातात, कधी मामा जातो, आणि खिडकीसमोर उभं राहून त्या क्षणी जे सुचेल ते लिहिलं जातं. पुढे मुलगी आयुष्यभर तेच स्पेलिंग सांगत राहते.

मुलीच्या बाबतीत मला याचं महत्त्व जास्त वाटतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, तरी आपल्याकडे कितीतरी जणींचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं. न बदलता राहतं ते तिचं स्वतःचं नाव. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, पासपोर्ट, घराचा करार या सगळ्या कागदांवरची बाई एकच आहे हे ज्या एका शब्दावरून ओळखायचं, त्याचं लेखन पहिल्या वर्षातच पक्कं झालेलं बरं.

पायरी १: किती घाई आहे ते समजून घ्या

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी असं जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ सांगतो. बाळाचा जन्म दवाखान्यात झाला असेल तर ही माहिती दवाखानाच महापालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवतो. इथेच लोक गडबडतात. दवाखान्यातून घरी जाताना परिचारिका विचारते, "नाव ठरलंय का?" आणि आपण घाईघाईने काहीतरी सांगून मोकळे होतो. खरं तर नोंदणीची मुदत जन्माच्या नोंदीला आहे. नाव त्या वेळी द्यायलाच हवं असं नाही. नावाशिवाय नोंद होते, आणि पहिल्या १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं.

एवढा वेळ घ्या असं मी म्हणणार नाही, कारण आधार, पासपोर्ट सगळं दाखल्यावर अडतं. पण नाव पक्कं नसेल तर दवाखान्याच्या फॉर्मवर ती जागा कोरी ठेवा. बारसं होऊ द्या, घरात चर्चा होऊ द्या, मग लिहा. रिकाम्या जागी नाव घालणं सोपं असतं. एकदा नोंदलेलं नाव बदलून मिळणं अवघड असतं.

हा दाखला आता पूर्वीपेक्षा वजनदार झाला आहे. कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट या सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. आधीच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर भागायचं. आता मूळ कागद एकच, आणि त्यावर जे लिहिलंय तेच पुढे सगळीकडे उतरणार.

पायरी २: आधी देवनागरी पक्कं करा

लोक थेट इंग्रजी स्पेलिंगवर वाद घालतात. ए एक की दोन, आय की डबल ई. त्याआधी एका कागदावर मराठीत नाव लिहा. घरातल्या तिघांना वेगवेगळं लिहायला सांगितलं तर पुष्कळदा तीन प्रकार निघतात.

ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात करा. मराठीच्या शासनमान्य शुद्धलेखन नियमांप्रमाणे व्यक्तिनामाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. म्हणून अदिती, श्रुती, प्रीती, स्मृती. हिंदीत अदिति, श्रुति असं लिहितात, ते त्या भाषेपुरतं बरोबर आहे. मधली वेलांटी मात्र संस्कृत शब्दांत मुळाप्रमाणे राहते: मनीषा, सुनीता, विनीता यांत ती दीर्घ, तर कविता, सरिता, अर्पिता यांत ऱ्हस्व. ऊर्मिला आणि ऊर्जा यांचा ऊ दीर्घ, उर्वी आणि उषा यांचा उ ऱ्हस्व.

मग जोडाक्षरं. 'उज्ज्वला'मध्ये दोन ज आहेत, कारण तो उत् आणि ज्वल यांचा संधी आहे. 'कृत्तिका' या नक्षत्राच्या नावात दोन त आहेत. 'ज्योत्स्ना'तला त पुष्कळदा गळतो. 'श्रुती' आणि 'सृष्टी' एकमेकींत मिसळून 'शृती' आणि 'श्रुष्टी' अशी रूपं तयार होतात. 'श्रुती'त श्र आणि उकार आहे, 'सृष्टी'त स आणि ऋकार. 'जाह्नवी' हे जह्नू ऋषींच्या नावावरून आलेलं गंगेचं नाव, म्हणून आधी ह, मग न. मराठी तोंडात मात्र ते 'जान्हवी' असंच येतं आणि मराठी घरांत तसंच लिहिण्याचा रिवाज रुजलेला आहे. दोन्ही चालतील, पण दाखल्यावर एकच जाईल. तेव्हा आज ठरवा.

घरातल्या थोरल्या बाईचं नाव पुढे चालवायचं असेल आणि तिच्या कागदांवर 'उज्वला' असेल, तर नातीच्या दाखल्यावर 'उज्ज्वला' लिहायला कचरू नका. नाव तेच राहतं, आणि आजीलाही ते नीट लिहिलेलं आवडेल.

शंका आली तर चांगला मराठी शब्दकोश उघडा किंवा शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारा. नावांच्या याद्या देणाऱ्या ॲपवर विसंबू नका. त्यांतली पुष्कळ नावं आधी इंग्रजीत गोळा करून मग देवनागरीत उलटवलेली असतात, आणि चुका तिथूनच शिरतात.

पायरी ३: आता इंग्रजी स्पेलिंग

रोमन लिपीत अक्षरं २६. आपले ण आणि न, ळ आणि ल, त आणि ट, श आणि ष, अ आणि आ त्यात वेगळे दाखवता येत नाहीत. आर-ए-एम-ए हे रमा, रामा आणि राम या तिन्हींचं स्पेलिंग असू शकतं. त्यामुळे अगदी बिनचूक स्पेलिंग शोधत बसू नका. अनोळखी माणसाने नाव पहिल्यांदा वाचलं तर ते मूळ उच्चाराच्या जितकं जवळ जाईल तितकं चांगलं, एवढी कसोटी पुरे.

'ऋ' असलेली नावं मराठी घरांत फार आहेत: ऋता, ऋचा, ऋतुजा, मृणाल, मृदुला, मृण्मयी, कृपा. मराठीत आपण ऋ चा उच्चार 'रु'च्या जवळ करतो, हिंदी भाषक 'रि'च्या जवळ. म्हणून महाराष्ट्रात आर-यू आणि आर-आय अशी दोन्ही स्पेलिंगं दिसतात. मृणाल कुलकर्णी आपलं नाव आर-आय घालून लिहितात, मृणाल ठाकूर आर-यू घालून. सांगलीची स्मृती मानधना आर-आय लिहिते. माझा कौल आर-यू ला आहे. घरात ज्या नावाने हाक मारतात तेच बाहेरच्याने वाचावं. आर-यू-टी-यू-जे-ए लिहिलं तर देशात कुठेही 'रुतुजा' असं वाचलं जातं, म्हणजे आपण म्हणतो तसंच.

'ज्ञ'ची गोष्ट तशीच. आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य' म्हणतात. प्रज्ञाचं मराठी वळणाचं स्पेलिंग पी-आर-ए-डी-एन-वाय-ए, हिंदी वळणाचं पी-आर-ए-जी-वाय-ए. दिल्लीच्या ऑफिसात डी-एन-वाय वाचताना माणूस अडखळेल हे खरं. तरीही मी डी-एन-वाय म्हणेन. उच्चार आपला आहे, आणि ज्ञानेश्वरांचं नाव महाराष्ट्रात डी-एन-वाय ने लिहिण्याची सवय सगळ्यांना आहे. ज्ञानदा, प्रज्ञा, सुज्ञा नाव ठेवणाऱ्यांनी ती सवय सोडू नये.

आता सगळ्यात अवघड गट, म्हणजे आपली छोटी, गोड, अस्सल मराठी नावं. सई, जाई, जुई, ओवी. एस-ए-आय लिहिलं की महाराष्ट्राबाहेर ते 'साई' होतं, आणि शिर्डीचे साईबाबा सगळ्या देशाला ठाऊक असल्यामुळे 'सई' कुणाच्या मनातही येत नाही. सई परांजपे एस-ए-आय असंच लिहितात, त्यामुळे मराठी वाचकाला ते ओळखीचं आहे. पण आज नवीन नोंद करायची तर मी एस-ए-डबल ई लिहीन. वाचणारा थबकेल, 'कसं म्हणायचं?' असं विचारेल, आणि चुकीचं ठामपणे म्हणण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं. 'जाई'चं जे-ए-आय हे 'जय' वाचलं जातं, म्हणून जे-ए-ए-आय. 'जुई'ला जे-यू-आय पुरतं, 'ओवी'ला ओ-व्ही-आय.

दीर्घ ई आणि ऊ साठी डबल ई, डबल ओ घ्यायचं की आय, यू, याला एक नियम नाही. दीपा, वीणा, मीरा, पूजा यांत पहिला स्वर दीर्घ आणि ठसठशीत आहे, तिथे डबल ई किंवा डबल ओ घेतलं तर वाचन सुधारतं. शेवटच्या ईकाराला मात्र साधा आय पुरे. तो तसाही दीर्घच वाचला जातो. अदितीच्या शेवटी डबल ई घालून नाव लांबवण्यात काही हाती लागत नाही.

मधला 'अ' गाळायचा का, हा पुढचा प्रश्न. बोलताना आपण जानकीतला न जवळजवळ हलन्त म्हणतो, मानसीतलाही. पण देवनागरीत तिथे पाय मोडलेला नाही, म्हणून मी ए ठेवते: जे-ए-एन-ए-के-आय, एम-ए-एन-ए-एस-आय. ए गाळलं की मराठीत परत उतरवताना कुणीतरी 'मान्सी', 'जान्की' लिहून ठेवतं.

उरलेलं थोडक्यात. श आणि ष ला एस-एच घ्या, एकटं एस नको, नाहीतर निशाची 'निसा' होते. ख, घ, ध, भ अशा महाप्राण अक्षरातला एच कधीच गाळू नका. मेघा आणि मेधा यांतला फरक आधीच एका अक्षराचा आहे. 'क्ष'साठी के-एस-एच लिहा, एक्स नको. रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचणाऱ्या गोमंतकीयाला एक्स म्हणजे 'श', त्यामुळे एक्स घालून लिहिलेली दीक्षा तो 'दिशा' वाचू शकतो. 'व' साठी सुरुवातीला व्ही, आणि 'स्व', 'श्व' अशा जोडाक्षरांत डब्ल्यू ही महाराष्ट्रातली रूढ पद्धत आहे. वैदेहीला व्ही, ईश्वरीला डब्ल्यू. बंगळूर, चेन्नईकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं. तिकडे 'त' टी-एच ने लिहितात, म्हणून शेजारी तुमच्या स्मिताच्या नावात आपणहून एच घालतील. फॉर्म दुसऱ्याला भरायला देऊ नका.

अंकशास्त्रासाठी एखादं ए किंवा एच वाढवावं असा आग्रह काही घरांत होतो. माझं मत स्पष्ट आहे: कागदावर ते नको. जादा अक्षराचं ओझं मुलीला प्रत्येक फोनवर, प्रत्येक खिडकीवर वाहावं लागतं. आपल्या परंपरेत जन्मनाव आणि व्यवहारनाव अशी सोय आहेच. नक्षत्राच्या चरणाप्रमाणे येणारं अक्षर, आकड्यांचा हिशोब, हे सगळं जन्मनावात सांभाळा. दाखल्यावर व्यवहारनाव सरळ लिहा. आणि तरी अक्षर वाढवायचंच ठरलं तर ते पहिल्या नोंदीआधीच वाढवा, नंतर मध्येच नको.

पायरी ४: लोकांकडून वाचून घ्या

दोन-तीन स्पेलिंगं कागदावर लिहा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला वाचायला द्या. एक मराठी, एक अमराठी. त्यांनी काय वाचलं ते ऐका, दुरुस्त करू नका. मग फोनवरून कुणाला तरी अक्षरं सांगून लिहायला लावा. बी आणि डी, एम आणि एन, टी आणि डी फोनवर एकसारखे ऐकू येतात, हे तेव्हाच कळतं.

तिसरी चाचणी मोबाईलवरची. इंग्रजी अक्षरं टाइप केली की देवनागरी सुचवणारा कीबोर्ड उघडा आणि तुमचं स्पेलिंग टाका. पहिल्याच सूचनेत नाव बरोबर आलं तर उत्तम. नोंदणीच्या पडद्यांवरही पुष्कळदा अशीच यंत्रं बसवलेली असतात.

पायरी ५: पूर्ण नाव एका ओळीत लिहा

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला, त्यानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. मला हा निर्णय मनापासून आवडला. त्याबरोबर स्पेलिंगचं कामही वाढलं, कारण आता चार शब्द जुळवायचे आहेत.

आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव त्यांच्या आधार आणि पासपोर्टवर जसं आहे तसंच उतरवा, आवडो न आवडो. वडिलांच्या कागदांवर 'चव्हाण'मध्ये व्ही नंतर एच नसेल तर मुलीच्या दाखल्यावरही घालू नका. आईच्या कागदांवर काही ठिकाणी माहेरचं आणि काही ठिकाणी सासरचं नाव असेल, तर बाळाच्या नोंदीआधी ते एकसारखं करून घ्या.

लांबीही पाहा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांतल्या पहिल्या ओळीत आडनाव, नाव आणि मधल्या मोकळ्या जागा धरून ३९ घरं नावासाठी मिळतात. एकट्या 'ज्ञानेश्वरी'ला १२ अक्षरं लागतात. चार लांब शब्द त्यात मावले नाहीत तर उरलेली अक्षरं त्या ओळीत कापली जातात. त्या ओळीत ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात. वर लावलेला स्वल्पविराम तिथे गळतो, छोटी आडवी रेघही राहत नाही. म्हणून नावात अशी चिन्हं घालूच नका.

पायरी ६: बाहेरदेशी जाणार असाल तर

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत आय-आर-ए ही 'आयरा' होते आणि तिथे ते पुरुषाचंही नाव आहे. इरा नाव ठेवणाऱ्यांनी हे माहीत असू द्यावं. जर्मनीत जे चा उच्चार 'य', म्हणून जुईची 'युई' होते. तिकडे डब्ल्यू म्हणजे 'व', आणि व्ही पुष्कळ शब्दांत 'फ'. जर्मनीतच वाढणारी मुलगी असेल तर वेदाचं स्पेलिंग डब्ल्यूने करण्यात अर्थ आहे. दोन वर्षांनी परत यायचं असेल तर नाही. नाव जिथे सगळ्यात जास्त वर्षं उच्चारलं जाणार तिथल्या वाचकाचा विचार करा.

पायरी ७: कागद याच क्रमाने करा

आधी जन्मदाखला. त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं असतात. अर्जासोबत दोन्ही लिप्यांत मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी द्या आणि दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून अक्षरन् अक्षर वाचा.

मग बाल आधार, म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं आधार. इथे एक जागा सांभाळायची. इंग्रजी नाव टाइप केलं की शेजारच्या चौकटीत देवनागरी नाव आपोआप उमटतं, आणि तिथे वीणाची 'वीना', रेणुकाची 'रेनुका', बकुळची 'बकुल' होते. टाइप करणाऱ्याला थांबायला सांगा, ती चौकट हाताने दुरुस्त करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तिच्या वाट्याची एक संधी या 'ण'साठी खर्च व्हायला नको.

त्यानंतर बाकीचं: पोस्टात किंवा बँकेत दहा वर्षांखालच्या मुलीसाठी उघडतात ते सुकन्या समृद्धी खातं, पासपोर्ट, शाळा. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांना 'लेक लाडकी' योजनेत जन्मानंतर ५ हजार, मग पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ हजार आणि वयाच्या १८ व्या वर्षी ७५ हजार रुपये मिळतात. एवढी वर्षं चालणाऱ्या योजनेत दर टप्प्याला नाव जुळावं लागतं. अंगणवाडीच्या वहीपासून बँकेपर्यंत एकच स्पेलिंग ठेवा.

चूक आधीच झाली असेल तर

दाखल्यावर लेखनाची चूक असेल तर त्याच नोंदणी कार्यालयात पुराव्यानिशी अर्ज करा. कायद्यात दुरुस्तीची तरतूद आहे. नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावं लागतं, आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालक अर्ज करतात. गोव्यात नाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, तिथली पद्धत तिथेच विचारा.

हे सगळं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढण्याआधी करा. ते राहून गेलं तर निदान दहावीच्या परीक्षेचा फॉर्म जाण्याआधी करा. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा नाव छापलं गेलं की पुढचं प्रत्येक विद्यापीठ तेच धरून चालतं. शाळा नावांची यादी तपासायला देते तेव्हा ती पालकांनी वाचावीच, पण मुलीलाही वाचायला द्यावी. पंधरा वर्षांची झालेली असते ती, आणि आपल्या नावातला कुठला ण किंवा कुठला एच लोक गाळतात हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.